हिवाळाभर खाता येईल असा हॉटपॉट : बीजिंगच्या एका गल्लीतलं दुकान

बीजिंगमध्ये 15 नोव्हेंबरला शहरभरच्या घरांचं हीटिंग सुरू होतं आणि 15 मार्चला बंद होतं. या चार महिन्यांत इथली माणसं भेटली की दोनच विषय निघतात: आज पारा उणे किती, आणि हॉटपॉटला, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या भांड्यात मटण-भाज्या बुडवून शिजवत खायच्या जेवणाला, कधी जायचं. दुसऱ्या विषयात माझं मत आता पक्कं झालंय, आणि ते बऱ्याच जणांना पटणार नाही. हॉटपॉट वारंवार खायचा असेल आणि तरीही पोट, रक्तदाब, वजन जागेवर राहायला हवं असेल, तर लालभडक तेलाच्या हॉटपॉटची वाट सोडा. जुन्या बीजिंगी पद्धतीच्या, साध्या पाण्यात मटण बुडवून देणाऱ्या दुकानात जा. ज्या दुकानामुळे हे मत झालं, त्याचं हे परीक्षण.

दुकानाचं नाव देत नाही. जेमतेम आठ टेबलं, मालकीण साठीच्या पुढची, आणि दारात स्टुलांवर वाट बघणारे लोक आत्ताच भरपूर आहेत. एवढं सांगते, की ते न्यूजिएच्या मशिदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर एका हुतोंगमध्ये, म्हणजे जुन्या शहराच्या अरुंद बोळात आहे. न्यूजिए ही हुई, म्हणजे चिनी भाषा बोलणाऱ्या मुसलमानांची जुनी वस्ती. मटण हलाल, ताजं, आणि ग्राहक मटणातलं कळणारे, त्यामुळे या भागात वाईट मटण विकून कुणाचा धंदा फार दिवस टिकत नाही. दाराला गोधडीइतका जाड पडदा लावलेला असतो. तो बाजूला करून आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि पुढचं मिनिटभर काही दिसत नाही.

दिसायला लागलं की आधी नजर भांड्यावर जाते. तांब्याचा बंब छोटा करून, त्याची पाण्याची टाकी वरून उघडी टाकून टेबलावर ठेवला तर कसा दिसेल, तसंच. मध्ये नळकांडं, त्यात पेटते कोळसे, भोवतीच्या गोल खाचेत पाणी. नळकांड्यावर छोटी झाकणी असते, ती अर्धवट सरकवली की जाळ कमी होतो. भांडं आतून कल्हई केलेलं आहे, हे मी मालकिणीला विचारून घेतलं, आणि तुम्हीही विचारा. उघड्या तांब्यात आंबट काही उकळलं तर तांबं अन्नात उतरतं. साध्या पाण्याला तो धोका कमी, पण हौसेने टोमॅटो किंवा व्हिनेगर त्या पाण्यात टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

आणि पाणी म्हणजे खरोखर पाणीच. त्यात कांद्याच्या पातीचे तुकडे, आल्याच्या चकत्या, चार सोडे, दोन सुकी लाल बोरं, गोजी बेरीचे काही दाणे. पहिल्यांदा येणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. 22 युआन कशाचे घेतले, या पाण्याचे? माझ्या नवऱ्याने हा प्रश्न मोठ्याने विचारला होता, सुदैवाने मराठीत.

पण आरोग्याच्या दृष्टीने सगळी गंमत या पाण्यातच आहे. नैऋत्य चीनमधल्या चोंगचिंग शहराचा हॉटपॉट घ्या. तिथे रस्सा बीफच्या चरबीवर बनतो, वर सुक्या मिरच्या आणि सिचुआन मिरीचा थर. त्यात बुडवलेली प्रत्येक वस्तू तेलाचा अंगरखा घालूनच बाहेर येते, आणि सगळ्यात जास्त तेल पितात त्या पालेभाज्या. म्हणजे जी गोष्ट आपण ‘जरा हलकं’ म्हणून मागवतो, तीच सगळ्यात जड होऊन वाटीत पडते. इथे पाण्यात कोबी टाकला तर कोबीच बाहेर येतो.

आता मटण. या प्रकाराला इथे षुआन-यांग-रोऊ म्हणतात, आणि तो शहरभर लोकप्रिय करण्यात तुंग-लाय-षुन या दुकानाचा मोठा वाटा आहे. 1903 मध्ये तिंग तशान नावाच्या हुई माणसाने वांगफुजिंगजवळच्या तुंगआन बाजारात पेजेची टपरी टाकली, त्यातून ते उभं राहिलं. मेंढीच्या अंगावरचे मोजके पाचच भाग घ्यायचे आणि ते हाताने पातळ कापायचे, ही शिस्त त्या घराण्याची मानली जाते. आमच्या गल्लीतल्या दुकानात पाच भागांचा थाट नाही, तीनच मिळतात. पण कापणारा माणूस काचेमागे उभा असतो आणि त्याची सुरी सगळ्यांना दिसते. मटण इनर मंगोलियाचं. प्लेट 58 युआन, साधारण 200 ग्रॅम. ती उभी धरली तरी मटण घसरत नाही, हे दाखवायची इथे पद्धत आहे: पाणी मारलेलं किंवा बर्फातून काढलेलं मटण लगेच सुटतं. मला हा प्रकार जरा नाटकी वाटतो, पण कसोटी खोटी नाही.

मशीनवर कापलेले गोठवलेले गोल रोल स्वस्त असतात. तिकडे मी जात नाही, आणि त्याला चवीपलीकडचं कारण आहे. 2013 मध्ये चीनच्या सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाने एक टोळी पकडल्याचं जाहीर केलं होतं. ती कोल्हा, मिंक आणि उंदराचं मांस मटण म्हणून विकत होती. तेव्हापासून तपासण्या वाढल्या, कायदाही कडक झाला. तरीही सुरी डोळ्यांसमोर चालताना बघितलेली बरी. शेवटी पातेल्यातलं पाणीच खरं काय ते सांगतं. चांगलं मटण असेल तर तासाभरानेही ते बऱ्यापैकी नितळ राहतं आणि वर राखाडी फेस फार साचत नाही.

किती खायचं? चीनच्या 2022 च्या आहार मार्गदर्शिकेत मांस, म्हणजे जनावर आणि कोंबडी मिळून, आठवड्याला 300 ते 500 ग्रॅम सांगितलंय. आम्ही दोघं दोन प्लेट घेतो. याचा अर्थ एका संध्याकाळी आठवड्याचं जवळजवळ निम्मं मटण संपलं. त्यामुळे हॉटपॉटच्या आधीचा आणि नंतरचा दिवस आमच्याकडे डाळ-भाजीचा असतो. हे गणित मी नवऱ्यासमोर टेबलावरच मांडते, त्यामुळे तिसरी प्लेट मागवायला त्याचा हात वर जातो आणि अर्ध्यातच खाली येतो.

त्याच्या युरिक ॲसिडमुळे आमच्याकडे एक नियम फार कडक आहे: शेवटी रस्सा प्यायचा नाही. मटणातली प्युरिनं, म्हणजे शरीरात ज्यांचं युरिक ॲसिड होतं ते घटक, पाण्यात विरघळतात. तासभर उकळलेलं पाणी म्हणजे सगळ्या मटणाचा अर्क, आणि गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी, असलेल्याने त्यापासून लांबच राहावं. प्यायचाच असेल तर सुरुवातीला, मटण पडायच्या आधी, आलं-पातीचं गरम पाणी वाटीभर घ्यावं. थंडीत घसा कोरडा झालेला असतो, बरं वाटतं. त्यावर बिअर घेतली तर मग प्युरिनांचा हिशेबच करायला नको.

क्रमावरून माझं आणि मालकिणीचं एकदा छान वाजलं. जुनी रीत अशी, की आधी शेपटीच्या चरबीचे दोन-चार तुकडे टाकून पाण्याला ‘वंगण’ द्यायचं, मग मटण, मग भाजी, टोफू आणि शेवटी पारदर्शक शेवया. मी आधी कोबी टाकला. ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. “मुली, कोबी आधी? पाणी अजून फिकं आहे, त्याला चव कुठून येणार?” म्हटलं, आयी (म्हणजे मावशी), कोबीची चव कोबीलाच असू दे, मला आधी पोट अर्धं भरायचंय. तिने मान हलवली, पण कोबीची दुसरी प्लेट स्वतःच आणून ठेवली. भाजीने सुरुवात केली की मटण आपोआप कमी जातं. शिवाय भाजी त्या वेळी नितळ पाण्यात शिजते, शेवटी शिजवली तर सगळी चरबी आणि प्युरिनं तिच्यातच मुरणार. गोठवलेला टोफू मात्र मी मालकिणीच्या रीतीने, मधे टाकते. गोठवल्यामुळे तो स्पंजासारखा जाळीदार झालेला असतो आणि रस धरतो. तो रसाचा भरलेला तुकडा थेट तोंडात टाकलात तर टाळू गेलीच म्हणून समजा.

यावरून भाजण्याचं. या गोष्टीची चेष्टा होते, होऊ नये. 65 अंशांच्या वर गरम पेय पिणं अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी ‘बहुधा घातक’ या गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2016 मध्ये टाकलं. हॉटपॉटमध्ये उकळत्या पाण्यातून घास थेट ओठांवर येतो, बाहेर उणे आठ असतं आणि माणूस घाईत असतो. इथे बाजूच्या वाटीतली गार चटणी उपयोगी पडते: घास तिच्यात टेकवला, दोन श्वास थांबलं, की तो खाण्याजोगा होतो.

मात्र या दुकानातली, आणि बीजिंगमधल्या झाडून सगळ्या दुकानांतली, धोक्याची जागाही तीच चटणीची वाटी आहे. पातेल्यात पाणी, मटण ताजं, भाजी भरपूर, आणि वाटीत तिळाची घट्ट पेस्ट, आंबवलेला लाल टोफू, चिनी पातीच्या फुलांची खारवलेली चटणी, वर मिरचीचं तेल. आंबवलेला टोफू आणि फुलांची चटणी दोन्ही मीठच मीठ. तिळाच्या पेस्टमध्ये 100 ग्रॅमला 600 च्या वर कॅलरी असतात. कॅल्शियम असतं हे खरं, पण लोक वाटी संपवून दुसरी मागवतात. दिवसभराच्या मिठाची मर्यादा 5 ग्रॅम, चीनची मार्गदर्शिकाही तेच सांगते. या वाटीसमोर ते पाळणं कठीण आहे, आणि आमच्या दुकानाची तयार चटणी तर अंमळ जास्तच खारट असते. हा माझा त्यांच्यावरचा पहिला आक्षेप.

उपाय सोपा आहे, मागितला तर मिळतो. सगळं वेगवेगळं द्या म्हणायचं. मग तिळाची पेस्ट कोमट पाण्याने सैल करायची, लाल टोफू चमच्याच्या टोकाएवढा, फुलांची चटणी त्याहून कमी, आणि कोथिंबीर, बारीक चिरलेली पात, ठेचलेला लसूण मनसोक्त. मटणाची फक्त कड टेकवायची, बुडवायचं नाही. सोबत साखर-व्हिनेगरमध्ये मुरवलेला लसूण येतो, 8 युआनला वाटी. हा प्रकार इतका चांगला आहे की मी तेवढ्यासाठीही जाईन. त्यातल्या साखरेबद्दल मात्र मी मुद्दाम विचारलेलं नाही.

कच्च्या-शिजलेल्याचं पथ्य इथे बरं पाळतात. लांब काड्या (चॉपस्टिक्स) कच्चं मटण टाकायला, आपल्या काड्या खायला. 2020 च्या कोविडनंतर वाढायच्या सामायिक काड्या-चमच्यांचा आग्रह वाढला, तो इथे टिकलाय. मटण पातळ असलं तर रंग बदलून काही सेकंदांत शिजतं, पण अख्खी प्लेट एकदम ओतली की पाणी गार पडतं आणि वरचे तुकडे बाहेरून राखाडी, आतून लाल राहतात. चार-पाच तुकडे टाकायचे, पाणी पुन्हा खळखळलं की काढायचे. मांसाचे गोळे तरंगले म्हणजे शिजले असं नाही, त्यांना आणखी काही मिनिटं हवीत. आणि काळे मशरूम घरी भिजवत असाल तर काही तासच भिजवा. दिवस-दिवस पाण्यात राहिलेल्या मशरूममधलं विष उकळूनही जात नाही, चीनमध्ये त्याने माणसं दगावली आहेत. यून्नानकडे जंगली मशरूमच्या हॉटपॉटमध्ये तर वेळ लावून देतात आणि ती होईपर्यंत हातात काड्याच देत नाहीत. मला हे फार आवडलं. आमच्याही दुकानात काही टेबलांना ही सोय हवी.

कोळसा हा दुसरा आक्षेप, म्हणजे खरं तर काळजी. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. हिवाळ्यात खिडक्या बंद, दाराला जाड पडदा, आठ टेबलांवर आठ भांडी. या दुकानात प्रत्येक टेबलावर धुरांड्याची नळी आहे आणि ती ओढते, मी टिश्यू पेपर धरून पाहिलंय. तरी मी दाराजवळचं टेबल मागते. गार झुळूक येते, नवरा कुरकुरतो, चालतं. डोकं जड झालं किंवा मळमळलं तर जास्त खाल्लं असं समजून बसून राहू नका, बाहेर पडा. घरी हा प्रकार करायचा असेल तर तांब्याच्या भांड्याचा मोह टाळून इंडक्शन वापरावा, एवढंच माझं म्हणणं.

पिण्याचं थोडक्यात. गरम पाणी फुकट मिळतं, तेच घ्या. हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, वरून मीठ पोटात गेलं की रात्री तहानेने जाग येते. आंबट प्लमचं सरबत छान लागतं, पण त्यात खडीसाखर भरपूर. मटण उष्ण, त्याने अंगात ‘आग चढते’ असं इथले लोक मानतात आणि तोड म्हणून पांढरा मुळा खातात; मीही मागवते, मुळा पातेल्यात गोडसर होतो. सर्दी-खोकल्यासाठी अँटिबायोटिक चालू असेल तर दारूला हात लावू नये. सेफॅलोस्पोरिन गटातल्या काही औषधांवर दारू घेतली की रक्तदाब कोसळतो, धाप लागते, प्रकरण जिवावर बेतू शकतं. चिनी लोकांत यावर यमक जुळवलेली म्हणच आहे, इतके किस्से होतात.

आता तक्रारी एका दमात. आवाज प्रचंड आहे, शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. तीळ लावलेली भाजकी रोटी, 4 युआनला एक, संध्याकाळी सातनंतर गेलात तर चिवट झालेली असते. पाणी आटलं की किटली घेऊन येणारा पोरगा दोनदा हाक मारल्याशिवाय येत नाही, आणि पाणी आटू देणं तांब्याच्या भांड्याला चालत नाही. दुकानात स्वच्छतागृह नाही. बोळातल्या सार्वजनिक शौचालयात जावं लागतं, घाम आलेल्या अंगाने उणे आठमध्ये. तेव्हा कोट घालून जा, अगदी पन्नास पावलंच असली तरी. शाकाहारी माणसाला इथे न्यायचं नाही, पातेलं एकच असतं. त्यांच्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र छोटं भांडं देणारी दुकानं शहरात भरपूर आहेत, तिथे मशरूमचा रस्सा घ्यावा. पण कशावर उकळलाय ते विचारून, कारण मशरूमच्या रश्शात कोंबडीचा अर्क असणं नवल नाही.

मोठ्या साखळी दुकानांना मी नावं ठेवत नाही. हायदीलाव 1994 मध्ये सिचुआनच्या जियानयांगमध्ये सुरू झालं आणि आज त्यांच्याकडे एकाच भांड्यात चार रस्से मिळतात, अर्धी प्लेट मागवता येते. एकट्या माणसाला आणि मुलं बरोबर असणाऱ्यांना ही सोय मोलाची आहे. दोन खणांचं भांडं घेऊन भाज्या पांढऱ्या बाजूला, वजडीसारख्या गोष्टी लाल बाजूला, असं केलं तर तिथेही फार बिघडत नाही. फक्त रस्सा उकळताना लाल बाजू पांढरीत उडी मारते, हे लक्षात असू द्या.

आमच्या दुकानात दोघांचं बिल असं: पातेलं 22, मटणाच्या दोन प्लेट 116, कोबी 14, टोफू 14, चटणीच्या दोन वाट्या 16, शेवया 12, दोन रोट्या 8, लसूण 8. एकूण 210 युआन. साडेपाचला पोचलात तर थांबावं लागत नाही. शुक्रवारी-शनिवारी आणि पहिल्या बर्फाच्या दिवशी जाऊच नका, त्या दिवशी अर्धं बीजिंग मटणाच्या रांगेत असतं. कोटाला वास लागतो, म्हणून वेटर खुर्चीवर कापडी खोळ घालून देतो, तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना कळतं की काल तुम्ही कुठे होतात.

नवऱ्याचं मत वेगळं आहे. त्याच्या मते हॉटपॉट म्हणजे चोंगचिंगचा, नऊ खणांचा, नाक गळेपर्यंत तिखट, आणि हे आमचं चाललंय ते गरम पाण्यातलं पथ्य. त्याने त्याचं परीक्षण स्वतः लिहावं. युरिक ॲसिडचा ताजा रिपोर्ट मात्र त्याला जोडावा लागेल.